होक्काइडोतील शरद ऋतू : बेटाची प्रदक्षिणा घालावी की रंगांमागून डोंगर उतरावा?

केळफूल (पुणे)

नमस्कार. मी, माझे यजमान आणि धाकटी बहीण असे तिघेजण सप्टेंबर २०२६च्या अखेरीस जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर केवळ निसर्ग पाहण्यासाठी जाण्याचा विचार करीत आहोत. यंदा अधिक मासामुळे सगळेच सण उशिरा आले आहेत. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला, त्यामुळे घरातून निघता येईल असे मधले दोन आठवडेच आमच्या हाती आहेत. पितृपक्षातली आमच्याकडची तिथी धाकटे दीर करणार आहेत. तोक्यो आणि क्योतो आम्ही पूर्वी एका वसंत ऋतूत पाहिले असल्यामुळे या वेळी शहरे, देवळे आणि खरेदी यांना पूर्ण फाटा द्यायचा आहे.

आम्ही तिघेही साठीच्या आसपासचे आहोत. सह्याद्रीत पुष्कळ हिंडलो आहोत, मात्र यजमानांचा उजवा गुडघा आता उतारावर कुरकुर करतो. नकाशा समोर ठेवून मी दहा दिवसांची पुढील प्रदक्षिणा आखली आहे : चितोसे विमानतळ, तोया सरोवर, हाकोदाते व ओनुमा, साप्पोरो, बिएई, आसाहिदाके, अगदी उत्तरेचे वाक्कानाई व तेथून रिशिरी बेट, आबाशिरी, शिरेतोको, आकान, कुशिरो आणि पुन्हा चितोसे.

ही आखणी शक्य कोटीतील आहे का, त्या दिवसांत पानांचे रंग नेमके कोठे असतात, गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावे, आणि अस्वलांची भीती कितपत खरी आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे. मी पूर्ण शाकाहारी आहे, बहीण अंडी खाते आणि यजमान मासे खातात, हेही लक्षात घ्यावे.

साप्पोरोत_सहा_वर्षे

केळफूलताई, तुमची आखणी वाचून प्रथम हसू आले, याबद्दल क्षमा असावी, कारण साप्पोरोत राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मीही हुबेहूब हीच चूक केली होती. जपानच्या नकाशात होक्काइडो वरच्या कोपऱ्यात आटोपशीर दिसते, पण त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडे अधिकच आहे. दक्षिणेच्या हाकोदातेपासून उत्तरेच्या वाक्कानाईपर्यंत रस्त्याने सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. बहुतेक साध्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर असते. तुमच्या आखणीत दहापैकी किमान सहा दिवस गाडीच्या काचेतूनच निसर्ग पाहावा लागेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की येथे रंग आडवा पसरत नाही, तो डोंगरावरून खाली उतरतो. संपूर्ण जपानमध्ये पाने सर्वांत आधी रंगतात ती होक्काइडोच्या मध्यभागी असलेल्या दाइसेत्सुझान पर्वतसमूहाच्या माथ्यांवर, आणि तीही सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तेथून रंग हळूहळू उतारांवर, मग सोउन्क्योसारख्या दऱ्यांमध्ये, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पूर्वेकडच्या सरोवरांच्या काठी, मध्याच्या सुमारास साप्पोरोजवळच्या जोझान्केईत, आणि अखेरीस ओनुमा, हाकोदाते व शहरांतील उद्याने यांपर्यंत पोचतो. साप्पोरोच्या विद्यापीठातील गिन्को वृक्षांची रांग पिवळीधमक होते तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला असतो, आणि त्या वेळी आसाहिदाकेवर बर्फ पडून कितीतरी दिवस झालेले असतात.

म्हणजे तुमच्या तारखांना हाकोदाते व ओनुमा हिरवेगारच असणार. त्यांना या खेपेस निरोप द्या. रिशिरीही काढून टाका, कारण ते बेट फुलांसाठी जून-जुलैमध्ये पाहावे. दाइसेत्सुझानमध्ये सुरुवात करून रंगांसोबत पूर्वेकडे उतरत जाणारी, एकाच दिशेची रेघ आखा. होक्काइडोत गोल फिरण्याचा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पायवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. दाइसेत्सुझानबद्दल सह्याद्रीत हिंडणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मंडळींची फसगत तेथेच होते.

१९३४ साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान सुमारे २,२६७ चौरस किलोमीटरांचे असून जमिनीवरील क्षेत्रफळाचा विचार करता जपानमधील सर्वांत मोठे आहे. आसाहिदाके हे होक्काइडोतील सर्वोच्च शिखर २,२९१ मीटर उंच आहे. रोपवे तुम्हाला दहा मिनिटांत सुमारे १,६०० मीटरांवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर नेऊन सोडतो. हा आकडा ऐकून आपल्याला वाटते की ही तर ओळखीची उंची आहे. परंतु ४३ अंश उत्तर अक्षांशावर त्याच उंचीला झाडे संपलेली असतात, जमिनीलगत पसरलेली झुडपे आणि खुरटे पाइन तेवढे उरतात, समोर डोंगराच्या कुशीतून गंधकाची वाफ फुसफुसत असते आणि सप्टेंबरच्या अखेरीस तेथे मोसमातला पहिला बर्फही पडून जातो. रोपवेच्या वरच्या स्थानकापासून सुगातामी तळ्याची सुमारे १.७ किलोमीटरांची फेरी आहे. ती तासाभरात निवांत होते, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यालाही झेपते. शिखराचा हट्ट मात्र हवामान पाहूनच धरावा.

थंडीला कमी लेखू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. १६ जुलै २००९ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, याच पर्वतसमूहातील तोमुराउशी शिखरावर एका मार्गदर्शित सहलीतील आठ जण वादळी वारा व पावसात शरीराचे तापमान घसरून मरण पावले. आपल्याकडे पावसात भिजत ट्रेक करणे हा आनंदाचा भाग असतो. तेथे भिजलेला सुती शर्ट आणि वारा यांची गाठ पडली की परिस्थिती झपाट्याने हाताबाहेर जाते. सुती कपडे हॉटेलातच ठेवावेत, अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर घालावा, आणि वारा-पाऊस अडवणारे जाकीट व पँट, दोन्ही सोबत असावेत.

आणखी एक. आपल्याला वाटेतल्या झऱ्याचे किंवा टाक्याचे पाणी पिण्याची सवय असते, ती होक्काइडोत कटाक्षाने मोडावी. तेथील कोल्ह्यांच्या विष्ठेतून एकिनोकॉकस नावाच्या फीतकृमीची अंडी पाण्यात मिसळू शकतात, आणि त्यातून यकृताचा गंभीर आजार उद्भवतो, ज्याची लक्षणे कित्येक वर्षांनी दिसतात. रस्त्याच्या कडेला कोल्हा कितीही गोजिरवाणा वाटला तरी त्याला हात लावू नये आणि खाऊ घालू नये.

गणेशखिंड

प्रवासाच्या तपशिलात भर घालण्याइतका अनुभव मजजवळ नाही, पण वनस्पतिशास्त्र शिकवले असल्याने रंगांबद्दल दोन शब्द लिहितो. दिवस लहान झाले की पानातील हरितद्रव्य मोडू लागते आणि आधीपासूनच दडून असलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात. लाल रंगाचे तसे नसते. तो पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो, आणि त्यासाठी लख्ख ऊन असलेला दिवस व गारठलेली, तरीही न गोठणारी रात्र लागते. पिवळा दरवर्षी भरवशाचा आणि लाल मात्र लहरी असतो, त्याचे कारण हेच.

जपानी भाषेत लाल पाने आणि पिवळी पाने हे दोन शब्द निरनिराळ्या चिन्हांनी लिहितात, पण दोन्हींचा उच्चार ‘कोयो’ असाच होतो. होक्काइडोच्या डोंगरांत भूर्ज आणि लार्च यांचा पिवळा प्रमुख असतो आणि लाल ठिपके बहुतांशी नानाकामादो या झाडाचे असतात. याचे लाकूड सात वेळा चुलीत घातले तरी पुरते जळत नाही, असा त्या नावाचा लौकिक अर्थ सांगतात. आपल्या सह्याद्रीत कुसुंबाची कोवळी पालवी वसंतात लालभडक असते, म्हणजे आपल्याकडे झाड येताना लाल होते आणि तिकडे जाताना. पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

केळफूल (पुणे)

सर्वांचे आभार. ओनुमा सोडताना जिवावर आले, कारण तळ्यातल्या बेटांचे छायाचित्र पाहूनच या सहलीचा विचार डोक्यात शिरला होता. पण तारखांपुढे इलाज नाही. आता शिरेतोको आणि अस्वले यांबद्दल कोणी सांगेल काय? बहिणीने बातम्या वाचून जवळजवळ नकारच दिला आहे.

भटकी_टिटवी

तुमच्या भगिनींची काळजी निराधार नाही, पण तेवढ्यासाठी शिरेतोको गाळण्याचेही कारण नाही. मी तेथे दोन शरद ऋतूंत पक्षी पाहण्यासाठी राहिले आहे.

शिरेतोको हे नाव होक्काइडोच्या मूळ रहिवाशांच्या ऐनू भाषेतील ‘सिर एतोक’ म्हणजे ‘भूमीचे टोक’ यावरून आले, आणि ते शब्दशः खरे आहे. ओखोत्स्क समुद्रात घुसलेल्या या अरुंद द्वीपकल्पाचा २००५ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या समुद्रबर्फामुळे सूक्ष्म शैवाल वाढते, त्यावर समुद्रातील जीवसाखळी पोसली जाते, मग समुद्रात वाढलेले सामन मासे शरद ऋतूत नद्यांमधून उलटे चढतात आणि त्यांच्यामुळे अस्वले, गरुड व अखेरीस जंगलाची मातीदेखील समृद्ध होते. समुद्राचे पोषण असे नदीच्या उलट दिशेने डोंगरात जाते. तुम्ही ज्या दिवसांत जाणार आहात, ते दिवस नेमके या चढणीचे आहेत. पुलावर उभे राहून खाली पाहिले तरी पाठीचे पर पाण्याबाहेर काढून धडपडणारे मासे दिसतात. त्यांना पकडण्यास नद्यांमध्ये मनाई आहे.

आता अस्वले. येथील तपकिरी अस्वलाला ‘हिगुमा’ म्हणतात आणि आपल्याकडच्या अस्वलापेक्षा ते बरेच मोठे असते. ऑगस्ट २०२५मध्ये राउसुदाके शिखरावरून उतरणाऱ्या एका तरुणाचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि त्यानंतर तेथील वाटा बंद करण्यात आल्या. त्यामुळे शिखरांच्या वाटांचा विचार तुम्ही करूच नये. परंतु ‘पाच सरोवरे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागी सुमारे ८०० मीटर लांबीचा उंच लाकडी पूल बांधलेला आहे. त्याच्या बाजूंना विजेच्या तारा असल्यामुळे अस्वल वर चढू शकत नाही, त्यावर एकही पायरी नाही आणि प्रवेश विनामूल्य आहे. त्या पुलाच्या टोकाला पहिले सरोवर आणि त्यात उलटी पडलेली डोंगररांग दिसते. जमिनीवरच्या वाटेने उरलेली सरोवरे पाहायची असतील तर तुमच्या तारखांना थोडे शुल्क भरून आधी छोटे मार्गदर्शन ऐकावे लागते. माझे मत विचाराल तर मार्गदर्शक घेऊनच जा. पैसे वसूल होतात, कारण तो झाडाच्या सालीवरील नखांच्या खुणांपासून सगळे दाखवतो.

अस्वल पाहण्याची सुरक्षित पद्धत म्हणजे उतोरो बंदरातून निघणारी नौका. अस्वले किनाऱ्यावर मासे खायला उतरतात आणि तुम्ही पाण्यावर असता. समुद्र खवळलेला असेल तर फेरी रद्द होते, म्हणून उतोरोत एक दिवस राखीव ठेवावा. पायी चालताना घंटा बांधावी आणि बोलत चालावे. अस्वलांवर फवारायचा तिखट फवारा विमानात, अगदी खालच्या सामानातही, नेता येत नाही. तो तेथील निसर्गकेंद्रात भाड्याने मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत वन्य प्राण्यांना खाऊ घालण्यावर २०२२पासून कायदेशीर निर्बंध आहेत आणि ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या हातचे खाणे चाखलेले अस्वल पुढे माणसांच्या वस्तीत येते आणि मग त्याला गोळी घालावी लागते, असे तेथील वनरक्षक प्रत्येकाला सांगतात.

ऐनू लोक अस्वलाला ‘किमुन कामुई’ म्हणजे डोंगरातला देव म्हणतात. आपल्याकडे वारली आणि महादेव कोळी वाघोबाला पुजतात, त्याची मला तेथे फार आठवण झाली. भीती आणि आदर यांत त्या लोकांनीही फरक केलेला नाही.

रूळप्रेमी

येथे सर्वजण गाडी गृहीत धरून बोलत आहेत, म्हणून एक वेगळे मत नोंदवतो. साप्पोरोहून कुशिरोपर्यंत जलद गाडी सुमारे चार तासांत पोचते, आणि कुशिरो ते आबाशिरी हा सेन्मो मार्ग दलदलीच्या कडेने, मग जंगलातून आणि शेवटी ओखोत्स्क समुद्राला अगदी लगटून जातो. गुडघा दुखत असलेल्या माणसाने चार तास क्लच-ब्रेक सांभाळण्यापेक्षा खिडकीशी बसावे, हे अधिक शहाणपणाचे नाही का?

साप्पोरोत_सहा_वर्षे

सेन्मो मार्ग सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. (आणि भाड्याच्या गाड्या बहुधा ऑटोमॅटिक असतात, त्यामुळे क्लचची चिंता नको.) परंतु त्या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या धावतात. स्थानकापासून सरोवर किंवा निरीक्षणस्थळ बरेच दूर असते आणि मोसमाच्या शेवटी जोडबसही विरळ होतात. शिवाय मार्गही कमी होत चालले आहेत. फुरानो ते शिन्तोकु हा डोंगरातील रेल्वेमार्ग १ एप्रिल २०२४ रोजी बंद झाला, पण जुन्या माहितीपुस्तकांत तो अजूनही सापडतो. एकटा तरुण प्रवासी असेल तर मीही रेल्वेच सुचवेन. तिघे आहेत, सामान आहे, आणि पहाटे धुके उठण्याच्या वेळी सरोवरावर पोचायचे आहे, तर गाडीला पर्याय नाही.

पहाटेवरून आठवले, सूर्यास्ताकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. संपूर्ण जपानची घड्याळी वेळ एकच आहे आणि पूर्व होक्काइडो त्याच्या पार पूर्व टोकाला आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती वेळ पावणेपाचवर येते. उलट सकाळी साडेपाचच्या आधीच उजाडते. दुपारी जेवून निवांत बाहेर पडण्याची आपली पद्धत तेथे चालत नाही. पहाटे उठा, तीनच्या सुमारास शेवटचे ठिकाण पाहा आणि अंधाराआधी मुक्कामी पोचून गरम पाण्याच्या कुंडात उतरा.

गाडीविषयी नेमक्या गोष्टी सांगतो. भारताच्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, मूळ परवानाही सोबत ठेवावा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. रेल्वे फाटक उघडे असले, गाडीचा मागमूस नसला, तरी रुळांपूर्वी पूर्ण थांबावेच लागते. तेथे न थांबणे हा गुन्हा आहे आणि आपल्या सवयीमुळे नेमके तेथेच चुकते. पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलची नळी लाल, उच्च ऑक्टेनची पिवळी आणि डिझेलची हिरवी असते. लहान गावांतले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा टाकी निम्मी झाली की भरून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका अस्वलांचा नसून हरणांचा आहे. शरद ऋतूत एझो जातीची मोठी हरणे संधिप्रकाशात रस्त्यावर उतरतात. तिसऱ्या वर्षी शिरेतोकोच्या पूर्व किनाऱ्यावरील राउसु गावाच्या रस्त्यावर एक हरीण माझ्या गाडीपुढून हातभर अंतरावरून गेले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच त्याच्यामागून दुसरे आले. त्याला मात्र धडक बसली. गाडीचे नाक चेपले, विम्यामुळे खिसा वाचला, पण त्या प्राण्याचा आवाज विसरता आलेला नाही. एक हरीण दिसले की मागे आणखी आहेत असे समजून थांबावे.

मीरा_ठाणे

भोजनाबद्दल मी सांगते, कारण तो भाग मी चांगलाच भोगला आहे. जपानमध्ये ‘भाजी’ म्हणून जे समोर येते ते बहुतेकदा ‘दाशी’त, म्हणजे तेथील स्वयंपाकाच्या मूळ रश्शात, शिजवलेले असते, आणि ती दाशी सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. गंमत अशी की कोम्बु या समुद्री शैवालाची शाकाहारी दाशीही असते आणि उत्तम कोम्बु येतो तो होक्काइडोच्याच रिशिरी, राउसु आणि हिदाका किनाऱ्यांवरून. पण साध्या खानावळीत या दोन दाशी बहुधा एकत्रच वापरतात. एका डोंगरी सरायीत मी आरक्षणाच्या वेळी शाकाहाराचा उल्लेख केला होता, तरी रात्री चौदा वाट्यांचे ताट आले आणि त्यातल्या फक्त दोन मला चालण्याजोग्या होत्या. वाढणाऱ्या बाई इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटले.

त्यावरून मी शिकले ते असे. छोट्या सरायीत ‘सुदोमारि’ म्हणजे केवळ राहण्याचे आरक्षण करावे, किंवा मोठ्या हॉटेलात राहावे जेथे रात्री बुफे असतो, जेणेकरून ज्याला मासे हवेत त्याला मासे आणि आपल्याला उकडलेले बटाटे, मका, भोपळा व भात मिळतो. होक्काइडोचा बटाटा, मका आणि दूध यांची चव खरोखर वेगळी आहे. ठिकठिकाणी दिसणाऱ्या सेइकोमार्ट दुकानांत नुसता भात, दही, केळी आणि पाव सहज मिळतात. सोबत भाजणी, मेतकूट, दडपलेले कोरडे पोहे आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. जवळजवळ प्रत्येक खोलीत गरम पाण्याची किटली असते. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे मात्र भारतातून नेऊ नयेत.

साप्पोरोच्या ‘सूप करी’चे फार कौतुक ऐकाल, पण तिचा रस्सा बहुतांशी कोंबडीचा असतो. साप्पोरोजवळच्या होहेइक्यो येथील गरम पाण्याच्या कुंडांसोबत चक्क भारतीय करी आणि नान मिळते आणि ते त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तुमच्या नव्या मार्गावर ते येणार नाही, याचे वाईट वाटते.

पायवाट

नव्या मार्गाविषयी एक सूचना. सोउन्क्योहून थेट शिरेतोकोकडे धावू नका. मिकुनी खिंडीतून दक्षिणेकडे उतरा. १,१३९ मीटरांवरची ही खिंड होक्काइडोच्या राष्ट्रीय महामार्गांवरील सर्वांत उंच खिंड आहे. तेथून खाली पाहिले की जंगलाच्या विस्तीर्ण गालिच्यावरून वळण घेत गेलेला पूल दिसतो आणि त्या गालिच्यात मैलोगणती एकही घर नाही. मी तेथे अर्धा तास थांबायचे ठरवले होते, दोन तास झाले. तेथून पुढे ओन्नेतो सरोवराला जावे. मेआकान हा जागृत ज्वालामुखी आणि त्याच्या शेजारचा आकान-फुजी यांचे प्रतिबिंब त्यात पडते, आणि पाण्याचा रंग प्रकाशाप्रमाणे निळा, हिरवा, पाचूसारखा असा बदलत राहतो.

सोउन्क्योत असताना कुरोदाकेचा रोपवे व त्यापुढची खुर्चीची लिफ्ट घेतली की १,५२० मीटरांपर्यंत बसल्या-बसल्या पोचता येते. दाइसेत्सु कोगेन येथील तळ्यांची फेरी त्याहूनही सुंदर आहे. तेथे अस्वल माहितीकेंद्रात आधी सूचना ऐकाव्या लागतात, दुपारनंतर आत सोडत नाहीत, आणि रंगांच्या ऐन दिवसांत खासगी गाड्या बंद करून बसने नेतात. वाट चिखलाची व निसरडी आहे. गुडघ्याचा विचार करून निर्णय घ्यावा.

भटकी_टिटवी

आकान सरोवरात मारिमो नावाचे शैवालाचे हिरवे गोळे आहेत. लाटांनी तळाशी सतत फिरत राहिल्यामुळे ते चेंडूसारखे वाढतात आणि मोठ्यांचा व्यास ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. १९५२पासून ते विशेष नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. जवळच्या माशु सरोवरात एकही नदी येत नाही आणि त्यातून जातही नाही. १९३१ साली तेथे ४१.६ मीटर खोलीपर्यंत पारदर्शकता मोजली गेली होती. उन्हाळ्यात ते धुक्यात हरवलेले असते, शरदात दिसण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

पण कुशिरोच्या दलदलीला किमान एक पूर्ण सकाळ द्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जपानमधील ही सर्वांत मोठी पाणथळ जागा आणि १९८०मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली तेथील पहिली जागा. तिथला तांबड्या माथ्याचा क्रौंच, ‘तान्चो’, शिकार आणि शेतीसाठी उपसलेल्या दलदलींमुळे जपानमधून नामशेष झाला असेच मानले जात होते. १९२४ साली याच दलदलीत दहा-बारा पक्षी आढळले. १९५२च्या कडाक्याच्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी त्यांना मका खाऊ घालायला सुरुवात केली आणि आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे. हिवाळ्यात ते बर्फावर नाचतात, ती छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. ऑक्टोबरच्या प्रारंभी ते जोडीजोडीने, त्याच वर्षी जन्मलेल्या तपकिरी मानेच्या पिल्लासह, त्सुरुई गावाजवळच्या कापणी झालेल्या शेतांत उतरू लागतात. गाडीतून उतरू नये. गाडीच तुमचे लपण असते. ऐनू त्याला ‘सारोरुन कामुई’, म्हणजे दलदलीतला देव म्हणतात.

केळफूल (पुणे)

सर्वांचे म्हणणे घरात मोठ्याने वाचून दाखवले. बहिणीने उंच लाकडी पुलाबद्दल ऐकून होकार दिला आहे. नवी आखणी अशी : २८ सप्टेंबरला तोक्योहून विमानाने आसाहिकावा आणि तेथून गाडी. आसाहिदाकेच्या पायथ्याशी एक रात्र व सोउन्क्योत दोन रात्री. मग मिकुनी खिंड व ओन्नेतो पाहून आकानला दोन रात्री. माशु सरोवराच्या परिसरात एक व त्सुरुईत एक. तेथून राउसुमार्गे शिरेतोको खिंड ओलांडून उतोरोत तीन रात्री, ज्यांतला एक दिवस नौकेसाठी राखीव. शेवटी ८ ऑक्टोबरला मेमानबेत्सु विमानतळावर गाडी परत करून तोक्यो. साप्पोरोचे नावही उरलेले नाही. एकाच ठिकाणी गाडी परत न केल्याने जास्तीचे पैसे पडतील, ते आम्ही मान्य केले आहेत. काही चुकत असल्यास सांगावे.

साप्पोरोत_सहा_वर्षे

आखणी उत्तम झाली आहे. फक्त दोन दुरुस्त्या. शिरेतोको खिंड ७३८ मीटरांवर आहे आणि हिवाळ्यासाठी ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून बंद होते. पण ऑक्टोबरमध्येही एखाद्या रात्री हिम पडून रस्ता काही तासांसाठी बंद राहू शकतो. आदल्या संध्याकाळी रस्त्यांची स्थिती पाहावी, आणि खिंड बंद असल्यास शारीमार्गे फेरा घेण्यासाठी त्या दिवशी सकाळी लवकर निघावे. दुसरे म्हणजे, उतोरोहून मेमानबेत्सुपर्यंत साधारण दोन तास लागतात, म्हणून परतीचे विमान दुपारचे घ्या. म्हणजे वाटेत वळसा घालून नोतोरो सरोवराच्या काठची ‘सांगोसोउ’ पाहता येईल. खाऱ्या पाण्यात वाढणारी ही वनस्पती सप्टेंबरच्या मध्यात सगळा काठ लाल करून टाकते. ८ ऑक्टोबरला तो लाल बराचसा विटलेला असेल, पण तेथे पाणपक्षी असतात आणि गर्दी गेलेली असते.

केळफूल (पुणे)

विमान दुपारी दीडचे घेत आहोत. बहिणीची दुर्बीण दुरुस्तीला टाकली आहे.